सत्तावीस नंबरचा स्वेटर

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे. तिच्या एका बाजूला जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी, दुसऱ्या बाजूला पाणीपट्टीची, आणि मधल्या दारावर पाटी: ‘मूळ रहिवासी संपर्क कक्ष’. पाटी मोठी, खोली लहान. दोन टेबलं, एक कपाट आणि भिंतीला टेकून ठेवलेले पत्रकांचे गठ्ठे. पाणीपट्टीच्या रांगेतली माणसं अधूनमधून चुकून आत शिरतात, चुकलो म्हणतात आणि भिडेपोटी जाताना एक पत्रक उचलून नेतात. आपोआप होणारा संपर्क एवढाच. बाकीचा पायपीट करून करावा लागतो, आणि तो करायला एकच बाई आहे.

तिला वस्तीत सगळे पत्रकताई म्हणतात. वय सेहेचाळीस, चालायला तरातरा, बोलायला फटकळ. ती स्वतः नदीपलीकडच्या त्याच वस्तीतली, म्हणजे हे शहर वसायच्या आधीपासून जे लोक इथे राहत होते त्यांच्यातली. वीस वर्षं ती दारोदार पत्रकं वाटते आहे: तपासणी शिबिराची, जमिनीच्या कागदांची, मुलांना आपली भाषा शिकवायच्या वर्गाची. लोक पत्रक घेतात. वाचतात की नाही देव जाणे, पण वाया घालवत नाहीत. कोणी फळीवर अंथरतं, कोणी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून घालतं. एका म्हातारीने तर तिला तोंडावर सांगितलं होतं, “ताई, पुढच्या खेपेला जरा मोठा कागद घ्या. खालचा कप्पा पुरा झाकत नाही.”

वर्षातून एकदा मात्र या कक्षाला भाव येतो, तो स्मरणदिनाला. त्यामागची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. सत्तर वर्षांपूर्वी सरकारने मूळ लोकांची पोरं घराघरातून उचलून शहराबाहेरच्या निवासी शाळेत ठेवली. पोरांना माणसात आणायचं आहे असं तेव्हाच्या कागदांत लिहिलंय. आधी ती कशात होती, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शाळेत पाऊल टाकलं की केस कापायचे, नाव काढून घ्यायचं आणि नंबर द्यायचा. काही पोरं परत आली, काही नाही आली. न आलेल्यांसाठी हा दिवस. सभागृह, दोनशे खुर्च्या, कागदी कपातला चहा आणि भाषणं. भाषणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. शेवटी नावं वाचायची वेळ येते तोवर मागच्या रांगेतली म्हातारी माणसं पेंगायला लागलेली असतात.

यंदा कक्षाच्या साहेबांनी ठरवलं की नावं नुसती वाचायची नाहीत, दगडावर कोरून सभागृहाच्या दारात लावायची. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला भाषणाची हौस होती एवढंच. एकतीस मुलं होती. त्यांचे नंबर आणि त्यांची खरी नावं जुळवता जुळवता पत्रकताईच्या नाकी नऊ आले. अकरा महिने ती कागदपत्रं धुंडाळत होती. त्या शाळेत राहून आलेलं कोणी जिवंत भेटेल म्हणून ती तीन गावं फिरून आली. एक आजोबा भेटले, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. एक आजी भेटल्या, पण त्यांना बोलायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी अभिलेखागारातून शेवटचा गठ्ठा आला. त्यात वडिलांच्या नावांचा रकाना होता. पाथरवट शुक्रवारी अक्षरं काढायला बसणार होता, म्हणून ती लगोलग यादी पडताळायला बसली. चौदाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. नंबर सत्तावीस, मुलगी, वय दहा, हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने मृत्यू. आणि वडिलांच्या रकान्यात तिच्या आजोबांचं नाव, आईच्या बापाचं, आडनावासकट, धंदा नावाडी.

तिने ते तीनदा वाचलं. तिच्या आईला एकच बहीण होती, मावशी, आणि ती नदीपलीकडे ठणठणीत होती. म्हणजे आणखी एक होती, दहाव्या वर्षी गेलेली, आणि घरात कोणी कधी तिचं नाव काढलं नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, तिला विचारायची सोय नव्हती. पत्रकताईला रडू आलं. दुसऱ्यांच्या पोरांची नावं शोधत आपण दारोदार हिंडलो आणि आपल्या घरातलं पोर आपल्याला माहीत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. पाणीपट्टीवाला कोणी आत डोकावला, तिच्याकडे बघून पत्रक न घेताच गेला.

जेवणाच्या सुट्टीत ती पूल ओलांडून मावशीकडे गेली.

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीवर दोऱ्यांची रिळं आणि दारावर पुठ्ठ्याची पाटी, ‘कपडे अल्टर करून मिळतील’. नवे कपडे ती शिवत नाही. दुसऱ्याने बिघडवलेले नीट करायचे, ही तिची विद्या. उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल. साऱ्या वस्तीची ती मावशी होती, पण सख्खी भाची ही एकच.

“मावशी, तुला आणि आईला आणखी एक बहीण होती?”

मावशीच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून उशीत खोचल्या.

“कोण म्हणतं?”

“शाळेचं रजिस्टर म्हणतं. सत्तावीस नंबर. दहा वर्षांची होती, तिथेच वारली. बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव आहे. शुक्रवारी तिचं नाव कोरायला घेतील. मला आधी का नाही गं सांगितलंत?”

मावशीने मशीनवरची पँट उचलून नीट घडी केली आणि बाजूला ठेवली.

“बहीण वगैरे काही नव्हती,” ती म्हणाली. “सत्तावीस म्हणजे मी.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. शाळेत राहिलेलं माणूस सापडावं म्हणून पत्रकताई तीन गावं पालथी घालून आली, आणि ते माणूस दर रविवारी तिच्या ब्लाउजची बटणं लावून देत होतं.

“तू तर शाळेत गेलीच नव्हतीस.”

“तसं आपण सांगायचो,” मावशी म्हणाली. “बस. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही.”

मग तिने सांगितलं. ती न थांबता बोलली, जणू कुठला शर्ट कसा उसवला तेच सांगत होती.

शाळेत तिला शिवणाच्या खोलीत काम होतं. पोरांच्या कपड्यांवर नंबर लावायचे. पांढऱ्या फितीचा तुकडा, त्यावर लाल दोऱ्याने नंबर, आणि फितीला चार कोपऱ्यांवर चार टाके. शर्ट, फ्रॉक, स्वेटर, सगळ्यांवर छातीशी, डाव्या बाजूला. रात्री झोपण्याआधी आणि सकाळी उठल्यावर बाई हजेरी घ्यायची, ती त्या फितीकडे बघून. केस सगळ्यांचेच कापलेले, चेहरे बघत बसायला तिला वेळ कुठला. शाळेत फीत म्हणजेच पोर.

मावशीच्या शेजारच्या खाटेवर बासष्ट नंबर होती. आठ वर्षांची, सारखी खोकायची. तिचा स्वेटर जुना, कोपरांवर फाटलेला. मावशीला त्या हिवाळ्यात नवा मिळाला होता. एका रात्री बासष्टचे दात वाजायला लागले तेव्हा मावशीने आपला स्वेटर तिला घातला आणि तिचा आपण घातला.

“नंबर बदलायला हवे होते,” मावशी म्हणाली. “मला येत होतं. माझंच तर काम ते. चार टाके उसवायचे आणि चार घालायचे. पण झोप आली होती. म्हटलं, सकाळी करू.”

सकाळी बासष्टची खाट रिकामी होती. रात्रीतून तिला आजाऱ्यांच्या खोलीत नेलं होतं आणि ती तिथेच वारली. अंगावर सत्तावीसचा स्वेटर, म्हणून रजिस्टरात सत्तावीस लिहिलं, आणि सत्तावीस म्हणूनच पुरलं. हजेरीच्या वेळी बाईने सत्तावीसवर काट मारली. पुढे बासष्ट म्हणाली आणि मावशीच्या छातीकडे बघितलं. कपड्यांची अदलाबदल केली की अंधाऱ्या खोलीत कोंडत असत. मावशी म्हणाली, हजर.

“बाकीच्या मुली?”

“त्यांना कळलं होतं. पण तिथे तोंड उघडायची सवय कोणालाच नव्हती.”

चार दिवसांनी बासष्टच्या सुटकेचा कागद आला. तिच्या आईने दोन वर्षं अर्ज करकरून तो मिळवला होता. बाईने मावशीला गाडीत बसवलं, गाडीवाल्याने कागदावर खूण केली आणि नदीकाठच्या थांब्यावर तिला उतरवलं. थांब्यावर बासष्टची आई उभी होती, धाकट्या मुलीचा हात धरून.

“मी मान खाली घातली आणि निघून आले,” मावशी म्हणाली. एवढं मात्र ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

घरी तिच्या मरणाचं पत्र आदल्याच दिवशी पोचलं होतं. आई चुलीपुढे बसून होती, चूल विझलेली. पोर मागच्या दाराने आत आली. वडिलांनी तिच्याकडे बघितलं, आधी दाराला कडी घातली आणि मग तिला जवळ घेतलं. म्हणाले, मेलेलं पोर परत न्यायला कोणी येत नाही. तू मेलेलीच बरी. मग तिला नवं नाव दिलं, शाळा चालू होती तोवर बाहेर लांबच्या नात्यातली म्हणून सांगितलं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे शाळा बंद पडली, भीती संपली, पण तोवर सगळ्यांना गप्प बसायची सवय झाली होती.

“आणि बासष्टच्या घरचे?” पत्रकताईने विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत नव्हतं.

“तिची आई गेली. धाकटी आहे. उद्या येईल, मंगळवार ना.”

मंगळवारी मावशीकडे एकच माणूस यायचं, टपालवाली. आता मात्र पत्रकताई बसल्या जागी गार पडली.

टपालवाली त्र्याहत्तर वर्षांची. पस्तीस वर्षं तिने या वस्तीत पत्रं वाटली. तिची मोठी बहीण शाळेतून सुटून आली ती थांब्यावरूनच पळाली, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. लोक म्हणायचे, बहिणीचं पत्र आपल्या हाती पडावं म्हणून ही टपालात शिरली. ती म्हणायची, पेन्शन मिळते म्हणून शिरले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती युनिफॉर्मची पँट आखूड करायला मावशीकडे आली होती. मावशीने नाव विचारलं, आणि ऐकल्यावर हातातली कात्री खाली ठेवली. तेव्हापासून टपालवालीचं काम मावशीने कधी रांगेत थांबवलं नाही. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी टपालवाली त्याच पँटी वापरते, कापड मजबूत आहे म्हणून. दरवर्षी पुन्हा खालून दुमडून घेते. “मी आखूड होत चालले,” ती म्हणते, “पँट आहे तेवढीच आहे.” दर मंगळवारी चार वाजता दोघी पत्ते खेळतात. मावशीला दुसरी मैत्रीण नाही.

“मावशी, तिला सांगायला पाहिजे.”

“नको.”

“अगं, दगडावर तुझं नाव लागेल. आणि जी खरी गेली ती कुठेच नाही.”

“माझं लागू दे. अठ्ठ्याहत्तर झाली. कोरलेलं नाव काही वाया जायचं नाही, दोन-चार वर्षांत उपयोगी पडेल.”

“ही काय थट्टा आहे?”

“मग काय करू?” मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. “तिला सांगू की तुझ्या बहिणीच्या कागदावर मी सुटले? की तुझी आई तिथे उभी असताना मी तिच्या पुढून गेले? सांगितलं तर मंगळवारी माझ्याकडे कोण येईल गं? तू येशील, पत्रक घेऊन.”

पत्रकताईला ते लागलं, पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांना विचारलं, सत्तावीस नंबर नुसता गाळता येईल का. नावं न घेता, नोंद चुकली आहे एवढंच सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. रजिस्टरात आहे ते कोरायचं, असा ठराव झालेला होता. बदल करायचा तर ज्याला माहीत आहे त्याचा सहीचा जबाब हवा, आणि ज्या मुलीचं नाव नव्याने घालायचं तिच्या घरच्यांची संमती. दोन्ही गुरुवारी संध्याकाळपर्यंत. “आपण स्वतःच्या मनाने एक नाव जरी हलवलं ना ताई,” साहेब म्हणाले, “तर उद्या सगळ्याच नावांवर लोक बोट ठेवतील.” साहेबांचं म्हणणं रास्त होतं, आणि त्याचाच पत्रकताईला राग आला.

चार वाजता ती मावशीकडे पोचली तेव्हा टपालवाली आलेली होती. मावशी तिच्या पँटला तुरपाई घालत होती, टपालवाली पत्ते पिसत होती. पत्रकताईने दारातूनच मावशीकडे बघून मान हलवली, काम झालं नाही अशी. मावशीने मान खाली घातली.

“आलात पत्रकताई,” टपालवाली म्हणाली. “दगड लावताय म्हणे यंदा.”

“हो. तुम्हीही या कार्यक्रमाला.”

“मी कशाला? तिथे ज्यांची पोरं मेली ते बसतात. माझी ताई मेली नाही, पळाली. मेलेल्यांच्या रांगेत मी काय तोंड घेऊन बसू?” तिने पत्ते वाटायला घेतले, एक मावशीला, एक स्वतःला. “लोकांना वाटतं मला आठवत नसेल, पाच वर्षांची होते मी. पण मला लख्ख आठवतं. गाडी आली, बासष्ट नंबरची मुलगी उतरली. आईला कागदावर नंबरच कळवला होता ना, मी तोच घोकत उभी होते. आई गाडीवाल्याशी बोलत होती. मी हाक मारली, ताई. तिने वळून माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. आणि पळत सुटली.” तिने स्वतःचे पत्ते उचलून हातात लावले. “बघून पळाली हो. न बघता पळाली असती तर मी समजू शकले असते. तुझा डाव.”

मावशीने पत्ते उचलले नाहीत. पत्रकताई भिंतीला टेकून उभी होती. तिला बोलायचं होतं, पण बोलायची पाळी तिची नव्हती, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिला ते वेळेवर कळलं.

“वळून मी बघितलं होतं,” मावशी म्हणाली.

“काय?”

“थांब्यावर. तू हाक मारलीस तेव्हा. तुझ्या अंगात आईचा मोठा कोट होता, बाह्या दुमडलेल्या. ती मी होते.”

मग तिने सगळं सांगितलं, काल सांगितलं तसंच, फक्त आज खिडकीबाहेर बघितलं नाही. स्वेटर, चार टाके, झोप, हजेरी, कागद, थांबा. टपालवालीने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. हातातले पत्ते तिने पालथे करून मांडीवर ठेवले होते आणि त्यांच्या कडा ती पुन्हा पुन्हा एका ओळीत आणत होती.

मावशीचं बोलणं संपलं.

“म्हणजे ती उतरलीच नव्हती,” टपालवाली म्हणाली.

“नाही.”

“आई जाईपर्यंत तिला शिव्या देत होती. शेवटी मला म्हणाली, ती आली तर घरात घेऊ नकोस.” तिने पत्त्यांची कड पुन्हा सरळ केली. “आणि मी घेणार नव्हते.”

मावशीने सुई पँटमध्ये खोचून ठेवली.

“तुझा स्वेटर,” टपालवालीने विचारलं, “कसा होता?”

“नवा होता. त्याच हिवाळ्यातला.”

“ऊब होती?”

“होती. जाड लोकरीचा होता. गळ्यापर्यंत बटणं होती, मी सगळी लावून दिली होती.”

टपालवालीने मान हलवली. पत्ते गोळा केले, डब्यात घातले, झाकण लावलं आणि चपला शोधत दाराशी गेली. दर खेपेला जाताना ती ‘मंगळवारी येते’ म्हणायची. आज काही न बोलता गेली.

पत्रकताईने कप विसळले. पुन्हा खोलीत आली तर मावशी मशीनवर बसलेली, राहिलेली पँट पुढ्यात आणि डोळ्यांतून धार लागलेली. तिने डोळे पुसले नाहीत, हातही थांबवले नाहीत. ती पँट गुरुवारी द्यायची कबूल केलेली होती.

बुधवार कोरडा गेला. पत्रकताई खुर्च्यांची, चहाची, ध्वनिक्षेपकाची व्यवस्था बघत होती आणि दर दहा मिनिटांनी दाराकडे मान वर करत होती. आपण मावशीकडे गेलोच नसतो तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. म्हातारीची एकुलती एक मैत्रीण आपल्या यादीपायी गेली. घरी जायच्या वाटेवर तिने शिवून झालेली पँट मावशीकडून घेतली तिच्या खिशात, गुरुवारपर्यंत घरच्यांची संमती लागेल अशी चिठ्ठी घातली आणि ती टपालवालीच्या दाराच्या कडीला अडकवून आली. दार वाजवायची तिची हिंमत झाली नाही.

गुरुवारी साडेदहाला टपालवाली कक्षात उभी राहिली. पाणीपट्टीच्या रांगेतून चुकून नव्हे, मुद्दाम.

“संमतीचा कागद द्या,” ती म्हणाली.

पत्रकताईने दिला. आयुष्यभर लोकांच्या पत्त्यांतल्या चुका काढलेली बाई ती. तिने कागदाची ओळ न् ओळ वाचली, वयाच्या जागी लिहिलेले नऊ खोडून आठ केले आणि सही केली. मग कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

“एक अट आहे. साहेबांना बोलवा.”

अट म्हटल्यावर साहेबांचा चेहरा पडला. “आपण नक्की विचार करू,” ते सवयीने म्हणाले.

“विचार करण्यासारखं काही नाही. नाव वाचाल तेव्हा ती माझ्या शेजारी बसेल. ताईचं नाव आलं की तिने उभं राहायचं आणि गैरहजर म्हणायचं. एकदा ती माझ्या बहिणीच्या नंबरावर हजर म्हणाली आहे. हजेरी तिने चुकवली, तिनेच दुरुस्त करायची.”

“पण प्रत्येक नावानंतर आपण दोन क्षण शांतता ठेवली आहे,” साहेब म्हणाले.

“मग त्या शांततेत म्हणू दे. तेवढा वेळ पुरेल.”

दुपारी मावशी जबाब द्यायला आली. जिना चढायला तिला दहा मिनिटं लागली. जबाब शेजारच्या खिडकीवर नोंदवायचा होता, आणि तिथल्या कारकुनाची पंचाईत झाली. रजिस्टराप्रमाणे बाई सत्तर वर्षांमागे वारलेली, आणि जबाबाच्या खाली तर सही लागते. “हयातीचा काही पुरावा आहे का?” त्याने विचारलं. मावशीने खिडकीतून हात घातला, त्याच्या शर्टाच्या बाहीचं लोंबणारं बटण बोटांत धरलं आणि म्हणाली, “हे आज लावून घे, नाहीतर पडेल.” कारकुनाने जबाब नोंदवून घेतला.

अट पत्रकताईनेच तिला जिन्यावर सांगितली. मावशी कठड्याला धरून उभी राहिली.

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“बरोबर आहे तिचं,” मावशी म्हणाली. आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, “मला जमेल का गं?” पत्रकताईने हो म्हटलं, पण तिचं तिलाच ते खरं वाटत नव्हतं.

स्मरणदिनाला सभागृह भरलं होतं. दाराशी दगड उभा होता, वरून कापड घातलेलं. चौदावी ओळ पाथरवटाने दुरुस्त यादीप्रमाणे कोरली होती: बासष्टचं घरचं नाव, वय आठ. भाषणं व्हायची ती झाली. साहेबांनी या खेपेला आपलं निम्म्यावर आणलं, याची नोंद घ्यायला हवी. टपालवाली तिसऱ्या रांगेत बसली होती. मावशी आली, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, एकमेकींकडे बघितलंही नाही. पत्रकताई भिंतीशी उभी राहून दोघींकडे बघत होती.

साहेब नावं वाचायला लागले. पहिलं नाव, शांतता. दुसरं नाव, शांतता. मागे कोणी खोकलं, कोणाचं मूल कुरकुरलं. तेरावं झालं. मग साहेबांनी चौदावं नाव वाचलं, आईबापांनी ठेवलेलं, पूर्ण.

मावशी उठली. उठताना पुढच्या खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. दोन क्षण कधीच सरले होते. साहेबांनी कागदावरून नजर वर केली नाही, पुढचं नावही घेतलं नाही. वाट बघितली.

“गैरहजर,” मावशी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण सभागृहातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो शब्द कुठे ऐकला होता ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्यांच्यापैकी कोणीच आता पेंगत नव्हतं. टपालवालीचा एक हात तोंडावर होता. ती रडत होती, सत्तर वर्षांत पहिल्यांदाच, मेलेल्या बहिणीसाठी रडतात तसं.

साहेबांनी पंधरावं नाव घेतलं. मावशी तशीच उभी होती. बसायचं ती विसरली होती, किंवा आपल्याला बसायची परवानगी आहे का, हे तिला कळत नव्हतं. टपालवालीने डोळे पुसले, पुढे बघतच दुसऱ्या हाताने मावशीची बाही धरली आणि तिला खाली ओढलं.

“बस,” ती हळूच म्हणाली. “गुडघे धरतील.”

मावशी बसली. सोळावं नाव आलं, सतरावं आलं.

“पँट घालून बघितली मी,” टपालवाली म्हणाली. “डावा पाय आखूड झालाय.”

“मला दिसत नव्हतं शिवताना.”

“ते कळलं. मंगळवारी घेऊन येते.”